लाभार्थ्याची सही

गजेंद्र पुसदकरांना एक खोड होती. कीर्तनाला ते पहिल्या रांगेत बसत, आणि बुवांच्या तोंडून आख्यानाचा शेवट बाहेर पडायच्या आत तो यांच्या ओठांवर येऊन बसलेला असे. आवाज नाही, नुसते ओठ. पण समोर उभ्या राहिलेल्या माणसाला ते दिसल्यावाचून कसं राहील? दरवर्षी दत्तजयंतीला नागपूरहून लखनौला येणारे बुवा एकदा मध्यंतरात हार घालून घेता घेता हळूच म्हणाले होते, "पुसदकर, निदान शेवटापर्यंत तरी थांबत जा. गोष्ट मलाही माहीत आहे."

यंदा बुवांचा पाय मोडला. लखनौच्या महानगर भागातल्या मराठी मंडळाची बैठक बसली. कीर्तन रद्द करावं की ध्वनिफीत लावावी, यावर वाद चालला असताना कुणीतरी म्हणालं, "पुसदकरांचे ओठ तर तयारच आहेत. आवाज तेवढा लावायचा राहिलाय." सगळे हसले, आणि हसता हसता ठराव झाला. अशा रीतीने चोपन्नाव्या वर्षी, आयुष्यात कधी गणपतीच्या आरतीलाही पुढे उभा न राहिलेला माणूस कीर्तनकार झाला.

आख्यान त्यांनी स्वतःच रचलं. वाटेवर पाणपोई घालून बसलेल्या एका म्हातारीचं. सेवा हाच विषय. म्हातारीचं मडकं, मडक्याला बांधलेलं ओलं फडकं, त्यावरची तुळशीची काडी, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. ते त्यांनी बायकोच्या, प्रतिमाताईंच्याही डोळ्यांसमोर इतक्या वेळा आणलं की पंधराव्या दिवशी त्या म्हणाल्या, "अहो, मला आता त्या म्हातारीचा राग यायला लागलाय. मटार सोलताना तीच, कपडे वाळत घालताना तीच. दुसरा श्रोता शोधा."

श्रोता शोधायला वेळ कुठून आणायचा? अमौसीला विमानतळावर मालवाहतुकीच्या एका कंपनीत ते सुपरवायझर होते. डिसेंबरच्या धुक्यात विमानं आठ-आठ तास उशिरा येत, आणि माणसाची सुटी त्या धुक्यातच हरवून जाई. वर्षाच्या हक्काच्या रजा संपत आल्या होत्या, दोनच उरल्या होत्या. त्यांतली एक दत्तजयंतीच्या शनिवारी कीर्तनासाठी, आणि दुसरी त्याच्या दुसऱ्या दिवशी, कीर्तन फसलं तर तोंड लपवायला.

अशा वेळी कंपनीने नवी योजना काढली. कर्मचाऱ्याने समाजात जाऊन सेवा करावी आणि तेवढ्या वेळेचा पगार कंपनीने द्यावा. वर्षाला चार दुपारी. कचेरीत हे सगळं बघणारी चेतना म्हणून एक मुलगी होती. आईवडील अमरावतीचे, पण जन्म लखनौचा. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत.

"सर, बहुत सिंपल है," ती म्हणाली. "बुज़ुर्गों वाली एक संस्था है, वो आपको किसी के घर भेजेगी. चार बुधवार. आख़िर में ये फॉर्म, बेनिफिशियरी का साइन. बस."

"आणि सही नाही मिळाली तर?"

"तो चार हाफ़-डे आपकी अपनी लीव से कट जाएँगे."

चार अर्धे म्हणजे दोन पुरे, आणि शिल्लक दोनच. पुसदकरांनी मनात हिशोब केला आणि लगेच सोडूनही दिला. म्हाताऱ्या माणसाची सेवा करायची आणि त्याने सही द्यायची नाही, असं कलियुगातसुद्धा होत नाही. शिवाय संस्थेने दिलेला पत्ता महानगरचा होता, मंडळाच्या हॉलपासून चार गल्ल्यांवर. दोन तास सेवा, मग हॉलवर पेटीवाल्याबरोबर तासभर सराव. देवाची योजना अशी असते, त्यांना वाटलं. देवाने अजून पुढचं पान उलटलं नव्हतं.

दार कमलाकाकूंनी उघडलं. "या. मराठीच ना? मी फॉर्मवर लिहूनच दिलं होतं, मराठी वाचता येणारा द्या म्हणून." मग आवाज खाली घेऊन, "आमच्या ह्यांना सांगू नका मी नाव नोंदवलं ते. तुम्ही आपले सहज आलात."

भाऊराव रामटेके रेल्वेतून मोठे इंजिनियर होऊन निवृत्त झाले होते. मूळचे भंडाऱ्याचे, लखनौला चाळीस वर्षं झालेली. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू पंधरा दिवसांच्या अंतराने काढलेले, आणि नवा चष्मा महिन्याने मिळणार. तोवर काळा चष्मा लावून बसायचं, दिवसातून चारदा थेंब घालून घ्यायचे आणि दुसऱ्याकडून पेपर ऐकायचा. बायको कमलाकाकू पेपर वाचू लागल्या की ते त्यांना दर ओळीला थांबवत. मुलगा अनुप बंगळूरला होता, तो फोनवरून वाचायला बसला तर त्यालाही थांबवत. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची, आणि खाली खुर्चीत ताठ बसलेले हे.

"कोण?"

"मी पुसदकर. सहज आलो."

"लखनौत सहज कुणी येत नाही. संस्थेकडून आलात. काल ती फोनवर बोलत होती, माझे डोळे गेलेत, कान नाही." स्वयंपाकघरात भांडं आपटलं. "बसा. अग्रलेखापासून सुरू करा."

पहिला बुधवार पेपरातच गेला. पुसदकरांचा आवाज कीर्तनाच्या तालमीने तापलेला, त्यामुळे महागाईच्या बातमीलासुद्धा आपसूक लय येई आणि परिच्छेदाच्या शेवटी सूर वर जाई. तिसऱ्या बातमीला भाऊराव म्हणाले, "साहेब, तुम्ही काय गाता का?"

झालं. दुसऱ्या बुधवारी डोळ्यांत थेंब घालता घालता पुसदकरांनी सगळं कबूल केलं. बुवांचा पाय, मंडळाचा ठराव, म्हातारी, मडकं.

"म्हणून दाखवा," भाऊराव डोळे मिटून म्हणाले. "पेपरापेक्षा बरं असेल. फक्त एक आधी सांगतो, मी देव मानत नाही."

"देव नका मानू. ताल धरा म्हणजे झालं."

"ताल धरायला देव लागत नाही," भाऊराव म्हणाले, आणि त्यांनी खुर्चीच्या हातावर बोटांनी असा काही ठेका धरला की पुसदकर उभेच राहिले.

कमलाकाकू हिरव्या मटारची घुगनी घेऊन आल्या. "त्यांचे वडील जलशात होते," त्या म्हणाल्या. "बाबासाहेबांच्या जलशात. ढोलकी वाजवायचे, मधे थांबून सभेला सांगायचे, पुन्हा गायचे. गाणं आणि समजावणं बरोबरच. हे लहानपणी मागं बसायचे." पुसदकरांच्या लक्षात आलं ते असं, की आपण ज्याच्यापुढे पहिल्यांदा उभे राहतोय, तो माणूस गाऊन सांगितलेल्या उपदेशाच्या मागच्या बाजूला बसून मोठा झालाय. पुढून ऐकणाऱ्याला फसवता येतं. मागे बसलेल्याला नाही.

पुसदकरांनी आख्यान लावलं. मडकं रंगवायला त्यांनी दहा मिनिटं घेतली. फडकं, तुळस, पितळेचं ओगराळं. भाऊरावांचा ठेका कधी थांबला ते त्यांना कळलंही नाही.

"का थांबलात?"

"झोप आली. दहा मिनिटं झाली पुसदकर, तुम्ही नुसतं मडकं सजवताय. लग्न आहे का मडक्याचं? तहान कुठाय?"

"तहान?"

"ज्याला पाणी द्यायचं तो अजून आलाच नाही. तहान आधी लावा, मग मडकं दाखवा. माझा बाप सांगायचा, सभेचा घसा कोरडा पडल्याशिवाय ढोलकी खाली ठेवायची नाही."

"काका, डिसेंबर आहे. हॉलमध्ये लोक माकडटोपी घालून बसतात. तहान कुणाला लागणार?"

"तेच तुमचं काम. चहा तर कुणीही पाजेल."

त्या दिवशी हॉलवर पेटीवाला दोन तास वाट बघून निघून गेला. तिसऱ्या बुधवारी पुसदकरांनी त्याला बोलावलंच नाही. अमौसीहून मेट्रोने बादशाहनगरला उतरायचे, तिथून चालत जाताना वाटेत पुटपुटायचे, आणि दारात पाऊल ठेवल्याबरोबर उभे राहायचे. पेपर तसाच घडी घातलेला राही. थेंब मात्र ते चुकवत नसत. दोन्ही डोळ्यांत एकेक, मधे पाच मिनिटं थांबून, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. त्या पाच मिनिटांत भाऊराव डोळे मिटून बोलत.

"तुमची म्हातारी पाणी कसं देते?"

"ओगराळ्याने. वरून धार धरते. प्रेमाने."

"माझ्या आजोबांनाही पाणी वरूनच घालायचे," भाऊराव म्हणाले. "ओंजळीत. लांबून. घालणाऱ्याला वाटायचं, आपण पुण्य केलं. घरी जाऊन सांगतही असेल, आज एकाला पाणी पाजलं म्हणून. ओंजळ करून खाली वाकलेल्याला कुणी विचारलं नाही, की बाबा, कसं लागलं पाणी." मग नेहमीच्या आवाजात, "घाला दुसऱ्या डोळ्यात. पाच मिनिटं झाली."

पुसदकरांनी थेंब घातला. त्या दिवशी त्यांनी आख्यान पुढे म्हटलं नाही. प्रतिमाताईंनी घरी विचारलं, "आज म्हातारी गप्प का?" तर म्हणाले, "ती विचार करतेय."

चौथा बुधवार आला. दोन फॉर्म खिशात होते, एक बिघडला तर दुसरा असावा म्हणून कपूरथला चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणलेला. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत फॉर्म पोचला पाहिजे, नाहीतर शनिवारी ते कीर्तनात नाही, धुक्यात अडकलेल्या पेट्यांमध्ये उभे असणार.

आख्यान संपवून पुसदकरांनी फॉर्म पुढे केला. "वाचा," भाऊराव म्हणाले. "अगदी वरपासून. बारीक अक्षरातलंसुद्धा."

पुसदकरांनी वाचलं. लाभार्थ्याचं नाव. स्वयंसेवकाने लाभार्थ्याची केलेली सेवा. तास. लाभार्थी समाधानी आहे काय. स्वयंसेवकाची सही. लाभार्थ्याची सही.

"तास किती झाले?"

"आठ."

"आठ तासांत तुम्ही पेपर वाचलात दोन तास. सहा तास तुम्ही बोललात आणि मी ऐकलं. म्हणजे सेवा कुणी कुणाची केली?"

"तुम्ही माझी," पुसदकर म्हणाले. म्हणताना हसले, कारण त्यांना अजून वाटत होतं ही थट्टा चाललीय.

"मग मी कशाचा लाभार्थी? छत्तीस वर्षं सरकारी कागदावर सही केली मी. खोट्यावर एक नाही. पुलाचा खांब वाकडा असेल तर वाकडा लिहिला, मंत्री उभा असला तरी. आता चार डोळेथेंबांसाठी लिहून देऊ, की या गरीब म्हाताऱ्यावर उपकार झाले?" त्यांनी चष्मा नीट केला. "नाही करणार."

"काका, नुसता फॉर्म आहे हो. माझी रजा जाईल. कीर्तन—"

"सही रजेसाठी हवीय, खऱ्यासाठी नाही, ते मला कळतंय. म्हणूनच नाही करत. कळलं नसतं तर केली असती."

पुसदकरांनी सगळं करून पाहिलं. विनवणी केली, दत्तमहाराजांचं नाव काढलं (ते चुकलंच), मंडळाची लाज सांगितली. भाऊराव आपले खुर्चीच्या हातावर ठेका धरून बसलेले. शेवटी पुसदकर उठले.

जिन्यात कमलाकाकूंनी त्यांना गाठलं. "द्या इकडं. त्यांची सही मला त्यांच्यापेक्षा बरी येते. अनुपच्या सगळ्या प्रगतिपुस्तकांवर मीच केलीय, मास्तरला कधी कळलं नाही. आणि खरं सांगू? तुम्ही आलात तेव्हापासून मला दर बुधवारी दोन तास शांतता मिळाली. म्हणजे लाभार्थी मीच. घ्या." गुडघा सावरत त्यांनी कठड्यावर कागद टेकवला आणि एका फटक्यात सही केली. शेपटी, खालची रेघ, टिंब, सगळं जिथल्या तिथे.

पुसदकरांनी कागद खिशात घातला. मन हलकं झालं. फाटकातून बाहेर पडता पडता सवयीने त्यांनी शेवटचं चरण धरलं. कालच नवं बसवलं होतं. म्हातारी पाणी देते, वाटसरू जातो, आणि कुणी म्हातारीच्या पुण्याचं कौतुक करतं, तेव्हा ती म्हणते, मला नका विचारू, जो प्याला त्याला विचारा.

"मला नका विचारू—" पुसदकर म्हणाले, आणि पुढचं आठवेना. खाकरले, पुन्हा धरलं. "मला नका विचारू, जो..." शब्द जिभेवर होता. बाहेर मात्र पडेना. रिक्षावाला थांबून बघू लागला. "भैया, कहीं जाना है?" पुसदकरांनी मान हलवली. तिसऱ्यांदा धरलं. नाही. खिशातला कागद छातीशी टोचत होता, इतका की एखादी टाचणी राहून गेली असावी म्हणून त्यांनी चाचपून पाहिलं. टाचणी नव्हती.

दहा मिनिटांनी ते पुन्हा भाऊरावांच्या समोर होते. काकूंच्या सहीचा कागद त्यांनी फाडून टाकला. काकूंनी कपाळाला हात लावला आणि चहा ठेवायला गेल्या.

"ते काय फाडलंत?" भाऊरावांनी विचारलं.

"काही नाही. प्रगतिपुस्तक."

भाऊरावांच्या ओठांचा कोपरा हलला. "दुसरा फॉर्म आहे?"

"आहे. काका, तुम्हाला जे खरं वाटतं तेच लिहू. रजा गेली तर गेली. बुवांनी पुढच्या वर्षी यावं."

"आता कसं बोललात. लिहा. खाडाखोड करू नका." आणि भाऊरावांनी निवृत्तीनंतरचं पहिलं टिपण सांगायला घेतलं. भाऊराव रामटेके यांनी गजेंद्र पुसदकर यांचे कीर्तन सहा तास ऐकले, आवश्यक तेथे सुधारले. सबब स्वयंसेवक, भाऊराव. लाभार्थी, गजेंद्र.

पुसदकरांनी लिहिलं, मग पेन थांबवलं. "पण थेंब मी घातले. तेही खरंच की."

"किती वेळा?"

"चार बुधवार, दोन डोळे."

"मग तेही लिहा. मी काय एकतर्फी कागद करतो की काय?"

म्हणून मग दोघांनीही दोन्ही रकान्यांत सह्या केल्या. भाऊरावांना रेघ दिसेना, तेव्हा पुसदकरांनी त्यांचं बोट धरून रेघेवर टेकवलं. समाधानी आहे काय, या रकान्यात भाऊरावांनी लिहायला लावलं, "शनिवारी कळेल."

शुक्रवारी सकाळी चेतनाने तो कागद दोनदा उलटून पाहिला. "सर, ये क्या है? आप ही वॉलंटियर, आप ही बेनिफिशियरी? सिस्टम तो एक ही नाम लेगा."

"फोन करून विचार त्यांना," पुसदकर म्हणाले. त्यांनी आशा सोडली होती, आणि आशा सोडलेल्या माणसाला एक वेगळीच ऐट येते.

चेतनाने फोन लावला. पुसदकर काचेबाहेर उभे राहून बघत होते. आधी ती बोलत होती. मग ऐकू लागली. मग वही ओढून लिहून घेऊ लागली. पंधरा मिनिटांनी ती बाहेर आली आणि पहिल्यांदाच मराठीत बोलली. अडखळत, पण मराठीत.

"ते म्हणाले, फॉर्ममध्ये एक खाना कमी आहे. ज्याच्या घरी पाठवता, त्याने काय दिलं, ते कुठेच विचारत नाही." मग पुन्हा आपल्या वाटेवर आली. "मैंने कहा अंकल, फॉर्म ऊपर से आता है. बोले, तो ऊपर लिखो, मैं डिक्टेट करता हूँ. सर, वो सच में डिक्टेट करने लगे. दो पन्ने."

"आणि माझी रजा?"

"पास कर दी. दो नाम नहीं जा रहे थे तो रिमार्क में डाल दिया, सेवा दोनों तरफ़ से हुई." तिने कागद फाइलला लावला. "पर कल मुझे भी आना पड़ेगा. मम्मी ने तो पूरी कॉलोनी को बता दिया है कि आप पहली बार खड़े हो रहे हैं. गिर मत जाइएगा."

शनिवारी लखनौत असं धुकं पडलं की हॉलच्या दारातून व्यासपीठ दिसेना. लोक शाली, मफलर, माकडटोप्या घालून आले आणि बाहेरच्या थर्मासकडे बघत बसले. मागच्या रांगेत, दाराजवळ, काळा चष्मा लावलेले एक ताठ गृहस्थ आणि त्यांच्या शेजारी गुडघा लांब करून बसलेल्या बाई होत्या. मध्यंतरात बुक्का लावायला आलेल्या मुलीला त्या गृहस्थांनी हात जोडून नम्रपणे नको म्हटलं, आणि टाळ तेवढे मागून घेतले.

उत्तररंगाला, आख्यान लावायला, पुसदकर उभे राहिले. त्यांनी मडक्याचं नावसुद्धा काढलं नाही. एक माणूस चालतोय, एवढंच सांगितलं. वैशाख. सावली स्वतःच्याच पायाखाली आलेली. एका विहिरीवरून उठवलेला, दुसऱ्या विहिरीवरून हाकललेला. जीभ टाळूला चिकटलेली, थुंकी गिळायला जावं तर गिळायला काही नाही. ते सांगताना त्यांचा स्वतःचाच घसा खरोखर वाळला, आणि एका जागी आवाज फुटून नुसता वारा आला. मागून टाळांचा ठेका एका मात्रेने हळू झाला आणि त्यांना वाट करून दिली.

मग कुठे म्हातारी आली. ओगराळं तिने बाजूला ठेवलं. ओट्यावरून खाली उतरली, आणि अख्खं मडकंच त्याच्या हातात दिलं. म्हणाली, तूच घे रे बाबा. तुझी तहान केवढी, ते मला वरून कसं कळणार?

पहिल्या रांगेत प्रतिमाताई बसल्या होत्या. पंचवीस वेळा ऐकलेली गोष्ट, पण हे वाक्य त्यांनी ऐकलेलं नव्हतं. त्यांचे ओठ हलले नाहीत.

आरती झाली. मंडळाच्या बायकांनी थर्मास उघडले, कप मांडले, आणि चहाकडे कुणी फिरकेना. कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीपाशी रांग लागली होती. शाली पांघरलेली, मफलर गुंडाळलेली, बाहेर धुकं आणि आत माणसं थंड पाणी पितायत. चेतना दुसरा ग्लास भरत होती.

पुसदकर माणसांतून वाट काढत मागे आले. भाऊराव कान देऊन बसले होते.

"हे ग्लास वाजतायत ते पाण्याचे की चहाचे?"

"पाण्याचे, काका."

भाऊरावांनी मान हलवली. "तहान बरी लागली. माणूस विहिरीवरून दोनदा उठवलात, एकदाच पुरे होता." त्यांनी टाळ परत केले, कमलाकाकूंच्या खांद्याचा आधार घेऊन उभे राहिले. "बुधवारी या. माझ्या बापाचा एक जलसा मला अजून अर्धा येतो. पन्नास वर्षं कुणापुढे म्हटलेला नाही. तुम्ही ऐकायचं."

"पण माझ्या सेवेच्या दुपारी संपल्या, काका. रजा नाही आता."

"मग संध्याकाळी या," भाऊराव म्हणाले. "आणि येताना पहिल्या रांगेतली ती ओठांची खोड घरी ठेवून या. शेवट मला सांगायचाय."